पाय मोडलेला जॉकी आणि गाईवाला शेतकरी

शेतकरी बंधूंनो, घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्याला पुण्या-मुंबईचं रेसकोर्स आठवतं. तिथं घोडे सपाट मैदानावर पळतात. इंग्लंडात मात्र थंडीच्या दिवसांत उड्यांची शर्यत चालते. दोन ते चार मैल अंतर, वाटेत साडेचार फुटांचे अडथळे, आणि घोड्याने ते जॉकीसकट ओलांडायचे. हाडं मोडणं तिथं नवलाचं नाही.

पॉल निकोल्स हे असेच एक जॉकी. जन्म १९६२ चा, वडील पोलिसात. अंगाने थोराड, त्यामुळे वजन आटोक्यात ठेवताना नाकी नऊ यायचे. १९८६ आणि १९८७ ला हेनेसी गोल्ड कप ही मोठी शर्यत त्यांनी लागोपाठ मारली. तरीही पहिल्या फळीत नाव गेलं नाही. १९८९ ला घोड्याच्या लाथेने पाय मोडला आणि घोडेस्वारी संपली. तेव्हा तिशीही आली नव्हती.

बंधूंनो, आता खरी गोष्ट. ज्यांचे घोडे ते पळवायचे, त्या डेव्हिड बॅरन्स यांच्याच पागेत निकोल्स मदतनीस म्हणून राहिले. १९९१ ला स्वतःचा परवाना काढला. घोडे जेमतेम आठ. जागा दिली सॉमरसेट परगण्यातल्या डिचीट गावच्या पॉल बार्बर या शेतकऱ्याने. हे घराणं दूध आणि चेडर चीजचं. बार्बर यांच्या दोन इच्छा होत्या: हजार गाईंचं दूध काढायचं आणि चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकायचा! पागा त्यांनी निकोल्सना भाड्याने दिली आणि आपले घोडेही त्यांच्याच हाती सोपवले. नुसतं भाडं मोजणारा मालक असता, तर पुढचं काही घडलं नसतं असं मला वाटतं.

डिचीटला चढाचा माळ आहे. चढावर घोडा कमी वेगात पळाला तरी छातीला भरपूर काम पडतं, दम वाढतो, पुढच्या पायांना हादरे कमी बसतात. पाय गेला की जनावर गेलं, हे बैल राखणाऱ्याला काय सांगायचं?

१९९८ च्या गोल्ड कपात बार्बर यांचा भागीदारीतला घोडा सी मोअर बिझनेस उतरला. शेजारचा घोडा पाय दुखावून बाहेर वळला, त्याने यालाही मैदानाबाहेर लोटलं. वर्षाची मेहनत मातीत. दोघांनी त्याच घोड्यावर आणखी वर्षभर राबून १९९९ ला तोच कप आणला.

पुढे निकोल्स १४ वेळा ब्रिटनचे अव्वल ट्रेनर ठरले, पहिल्यांदा २००५-०६ च्या हंगामात. २००८ च्या गोल्ड कपात पहिले तिन्ही घोडे त्यांच्याच पागेतले. पहिला आला डेनमन, त्यात निम्मी मालकी बार्बर यांची. दुसरा कौटो स्टार, डेनमनच्या शेजारच्याच ठाणावर बांधलेला. बार्बर २०२३ साली वारले.