मॅनहोलचे चित्र काढताना

गटारात किंवा सेप्टिक टाकीत गुदमरून कामगार मेल्याची बातमी आपण पुन्हा पुन्हा वाचतो. दोन दिवस हळहळ होते, मग विषय मागे पडतो. मरणारा बहुतेक वेळा आपल्यापैकीच असतो. म्हणून यंदा जयंतीला विहारात लावण्यासाठी आम्ही या विषयावर एक पोस्टर केले. त्यात झालेल्या चुका आणि मिळालेले धडे इतर मंडळांच्या उपयोगी पडतील, म्हणून ते येथे देत आहोत.

पहिला प्रश्न होता, फोटो की चित्र? फोटो सहज मिळतात. पण फोटोतला माणूस कुणाचा तरी बाप असतो. घाणीने माखलेला त्याचा चेहरा त्याच्या मुलीने विहाराच्या भिंतीवर का पाहावा? चित्रात ओळख झाकून गोष्ट सांगता येते. दुसरे कारण आरोग्याचे आहे. माणसाला मारणारी गोष्ट फोटोत येतच नाही, कारण ती वायू आहे.

मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. कामगाराला वाटते, वास गेला म्हणजे धोका गेला. प्रत्यक्षात तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो. वायू फार दाट असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही. काडी पेटवून पाहणे तर त्याहून वाईट, कारण टाकीत मिथेनही असतो आणि तो पेट घेतो.

आमच्या पहिल्या चित्रात गळ्यापर्यंत घाणीत बुडालेला, हात जोडलेला माणूस होता. आम्हाला ते परिणामकारक वाटले. छापण्याआधी सफाई कामगारांच्या वस्तीत दाखवले, तेव्हा एक ताई म्हणाल्या, "भाऊ, आमच्या माणसाला असंच दाखवणार का? आणि त्याला खाली उतर म्हणणारा कुठाय यात?"

आम्ही गप्प झालो. चित्राने माणसाचा मान जातो, हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको. शाळेच्या पुस्तकातल्या बाबासाहेबांवरील जुन्या व्यंगचित्रावरून २०१२ साली संसदेत केवढा गदारोळ झाला होता! आणि मान चित्रातूनच मिळतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. सूटबूट घातलेले, हाती संविधान घेतलेले बाबासाहेब आपल्या घराघरात आहेत. मग आपणच आपला कामगार केविलवाणा का काढावा?

ते चित्र रद्द केले. नव्या पोस्टरमध्ये चार चौकटी आहेत.

पहिलीत कामगार ताठ उभा आहे आणि म्हणतो आहे, "मशीन आणा." समोर ठेकेदार आणि टाकीचा मालक आहेत.

दुसरीत टाकीचा उभा छेद आहे. तळाशी गडद पिवळा रंग, वर फिकट. फिकट भागात नाकाला वास येतो आहे, गडद भागात नाकावर फुली आहे.

तिसरीत एक जण पडला आहे आणि दुसरा त्याला वाचवायला उतरतो आहे. त्यावर मोठी फुली. कित्येक घटनांत वाचवायला उतरलेला भाऊ किंवा सोबतीही दगावतो.

चौथीत लोक टाकीपासून लांब उभे आहेत आणि एक बाई १०१ वर फोन लावते आहे. श्वसनयंत्र घातलेल्या जवानांनीच खाली उतरायचे.

मग खालचा मजकूर झाकून आम्ही लोकांना विचारले, "यात काय दिसतं?" काहींना टाकी म्हणजे विहीर वाटली. तेव्हा बाजूला संडास आणि त्याचा पाइप काढला. ही परीक्षा प्रत्येक मंडळाने घ्यावी. काढणाऱ्याला समजलेले चित्र पाहणाऱ्याला समजेलच असे नाही.

चित्रातून शिकवणे ही आपल्या धम्माची जुनी रीत आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ओसरीच्या भिंतीवर भवचक्र रंगवलेले आहे. ज्याला अक्षर येत नाही त्यानेही ते पाहावे आणि विचारावे.

पोस्टरच्या तळाशी कायदा दिला आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल आहे.

हे पोस्टर विहारापुरते ठेवू नका. आपल्यातले अनेक जण आता सोसायट्यांत राहतात. टाकी भरली की आपणही कुणाला तरी बोलावतो, आणि तेव्हा पहिल्या चौकटीतला तो मालक आपणच असतो. म्हणून एक प्रत सोसायटीच्या फलकावरही लावा, आणि टाकी उपसायची वेळ आली की माणूस शोधण्याआधी मशीनची गाडी मागवा.