पंढरपुरातला खून आणि कादंबरीतला त्रिंबकजी

जुलै १८१५. पंढरपुरात आषाढीची गर्दी. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन रात्री विठ्ठलाचं दर्शन घेऊन बिऱ्हाडी परतत होते. मारेकऱ्यांनी त्यांना वाटेतच गाठलं आणि ठार केलं. पेशवे आणि गायकवाड यांच्यातल्या जुन्या हिशेबाचा वाद मिटवायला शास्त्री पुण्याला आले होते आणि त्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी घेतली होती. संशय आला दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर. दर्शनाला या, असा आग्रह त्यानेच धरला होता. पेशव्यांच्या घराण्याशी ठरत आलेली सोयरीक शास्त्र्यांनी टाळली होती, तो राग वेगळाच. पण बडोद्यातही शास्त्र्यांना पाण्यात पाहणारे होते आणि त्यांची माणसं तेव्हा पुण्यात वावरत होती.

साखर कारखान्याभोवती वाढलेल्या आमच्या श्रीपुरातून पंढरपूर तासाभरावर. इथल्या वाचकाने ना. सं. इनामदारांची ‘झेप’ (१९६३) हातात घेतली की तो नकळत पंचनामा करायला बसतो. माझंही यंदा तेच झालं. त्रिंबकजी हा या कादंबरीचा नायक. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने ज्याला खलनायक ठरवलं, त्याची बाजू मांडायला इनामदार उभे राहिले, हे धाडसच. त्याच्याविरुद्धचा बहुतेक पुरावा इंग्रज रेसिडेन्सीने गोळा केलेला, म्हणजे फिर्यादीही तेच आणि तपास अधिकारीही तेच! तरीही रहस्यकथांवर पोसलेल्या माझ्या मनाला वाटत राहिलं, की लेखकाने नायकाचं वकीलपत्र जरा लवकर घेतलं. तो निर्दोष की अपराधी, हा पेच शेवटपर्यंत आणखी ताणायला हवा होता.

बाकी त्रिंबकजीचं आयुष्यच असं, की लेखकाला फार काही रचावं लागू नये. सप्टेंबर १८१६ मध्ये तो इंग्रजांच्या कैदेत असताना ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. बाहेरचा एक मराठा मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता खिडकीखाली गाणी म्हणायचा, त्या गाण्यांतून सुटकेचा बेत आत पोहोचायचा आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षरही कळत नसे, अशी हकिकत बिशप हेबरने नोंदवली आहे. १८१८ मध्ये तो पुन्हा सापडला. मग चुनारच्या किल्ल्यात कैद, आणि तिथेच १८२९ मध्ये मृत्यू.

आता माझ्या मनाला पोसणाऱ्या रहस्यकथांबद्दल. बाबूराव अर्नाळकरांनी त्या हजाराहून अधिक लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांनी महाराष्ट्राला वाचायची चटक लावली, हे ऋण मोठं. पण तिथे वेग पुढे आणि पुरावा मागे. सुहास शिरवळकरांचा वकील अमर विश्वास मला अधिक पटतो. कोर्टात उभं राहायचं तर साक्ष तपासावीच लागते.

ही शिस्त ऐतिहासिक कादंबरीने उसनी घ्यावी, असं माझं ठाम मत. उदाहरणार्थ, संभाजीराजे पकडले गेल्याची बातमी औरंगजेबाला मिळाली, तेव्हा त्याची छावणी आमच्या शेजारी अकलूजला होती. राजांना पकडणाऱ्या मुकर्रबखानाला हेरांनी खबर दिली, असं मुघल साधनं सांगतात. घरातली फितुरी कुणाची, यावर मात्र इतिहासकारांचं आजही एकमत नाही. कादंबऱ्या, नाटकं आणि सिनेमे एक नाव घेऊन मोकळे होतात, आणि एका घराण्याच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या कलंक बसतो. कल्पनेच्या गोष्टीतला गुप्तहेरसुद्धा एवढ्या घाईने बोट दाखवत नाही.

इतिहास आणि रहस्य यांची मोट नीट बांधलेली दिसली ती मुरलीधर खैरनारांच्या ‘शोध’मध्ये (राजहंस, २०१५). १६७० च्या दुसऱ्या सुरत लुटीतला हरवलेला खजिना नाशिकच्या डोंगरांत शोधणारी आजची माणसं, अशी ही गोष्ट. खैरनार नाशिकचे, नाटकातले. गड, घाट, वाटा त्यांना तोंडपाठ असल्याने धागेदोरे भूगोलातूनच उलगडतात. मारामाऱ्या थोड्या कमी चालल्या असत्या, पण पुस्तक खाली ठेववत नाही. पहिल्याच कादंबरीत एवढी मजल मारणारा हा लेखक त्याच वर्षी गेला.

गळीत हंगामाची धांदल सुरू होण्याआधी दोन निवांत दिवस मिळाले, तर वाचनालयातून आधी ‘झेप’ आणा, मग ‘शोध’. आणि ‘झेप’ वाचताना त्रिंबकजीबद्दलचा निकाल लेखकावर सोपवू नका, तुम्ही स्वतः द्या.