मागच्या सीटवरचा प्रवास किती लांबचा, किती वेगाचा?

जोडून सुट्टी आली की घरोघरी बेत शिजू लागतात. "मोटारसायकलवरून महाबळेश्वरला जाऊ, दोन तासांत पोचवतो," असं यजमान म्हणाले, की आपण लगेच डबा भरायला घेतो. पण मैत्रिणींनो, त्या दोन तासांचा हिशेब कधी मांडून पाहिलाय?

पुण्याहून महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर. काटा सतत साठवर राहिला, तरच दोन तास! वाटेत गर्दी, पसरणीचा घाट, चहापाणी धरलं, तर सरासरी चाळीसचीच पडते. म्हणजे तीन तास. घरून निघतानाच तीन तास धरले, की वाटेत घाई करायचं कारण उरत नाही.

साठऐवजी ऐंशीने गेलं, तर एवढ्या अंतरात फार तर अर्धा तास वाचेल. त्याची किंमत मात्र मोठी. अंगावर येणारा वाऱ्याचा रेटा आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर, दोन्ही पावणेदोन पटींनी वाढतात. ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी दोन माणसं आणि सामान घेऊन पन्नास-पंचावन्नला निवांत चालते. त्यापुढे हादरे वाढतात, हँडल धरणाऱ्याचे हात बधिर होतात आणि मागे बसणारीची कंबर धरते.

म्हणून साधा नियम ठेवावा. दर तासाला दहा मिनिटं खाली उतरायचं, चार पावलं चालायचं. सवय नसेल, तर दिवसाला दीडशे किलोमीटर पुरे. वाटेत सोय नसते म्हणून आपण पाणीच पीत नाही, बरं का! मग डोकं दुखतं आणि खापर फुटतं उन्हावर. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असतं. तिथं थांबायला सांगताना संकोच कसला?

आता बसण्याविषयी. एका बाजूला पाय सोडून बसलं की पाठ पिळल्यासारखी राहते, तोलही सांभाळावा लागतो. लांबच्या प्रवासाला सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणंच बरं. साडीच नेसायची असेल, तर पदर कमरेला घट्ट खोचा. ओढणीही मागे गाठ मारून बांधा. चाकावरचा साडीगार्ड आणि धरायची कडी शोभेची नाही, ती असावी असा नियम आहे. कुणी काढून ठेवली असेल, तर पुन्हा बसवून घ्या.

हेल्मेट दोघांनाही हवं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मागे बसणाऱ्यालाही ते सांगितलं आहे. केस विस्कटतील म्हणून ते हातात धरून बसण्यात काय अर्थ? चार वर्षांखालचं मूल बरोबर असेल, तर २०२२ च्या नियमाप्रमाणे त्याला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडलेला सुरक्षापट्टा हवा, आणि वेग चाळीसच्या आत. "आई-बाबांच्या मध्ये सँडविच" करून तिसरा प्रवासी नेणं मात्र कायद्यातही बसत नाही.

निघण्यापूर्वी मागच्या चाकात दोघांच्या वजनाइतकी हवा भरून घ्यायला सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एक खूण ठरवा. खांद्यावर दोन थापा म्हणजे "हळू". वाऱ्यात आपला आवाज पुढे पोचत नाही, आणि पोचला तरी "भित्री कुठली!" म्हणून हसण्यावारी जातो. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो. पण प्रवास सुखाचा होतोय की नाही, हे आधी कळतं ते मागे बसणारीला. तिनं ते सांगायलाच हवं, आणि तेही निघण्याआधी.