देवाचा अधिकार ओळखायचा कसा?

अमळनेर / प्रतिनिधी

बोरीकाठचे अमळनेर सखाराम महाराजांच्या संस्थानामुळे, १९१६ साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरामुळे आणि साने गुरुजींच्या वास्तव्यामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे खानदेशातील एक केंद्रही येथेच होते. त्या काळापासून खानदेशातील ख्रिस्ती कुटुंबांपुढे एक प्रश्न कायम आहे. प्रभूच्या प्रार्थनेत ख्रिस्ती माणूस देवाचे राज्य यावे, त्याची इच्छा पूर्ण व्हावी असे मागतो. पण दुकानात, कचेरीत, घरात ती इच्छा ओळखायची कशी? आणि कोणी 'देवानेच मला सांगितले' असे म्हणाला, तर त्याचे कितपत मानायचे?

शताधिपतीचा दाखला

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील रोमी शताधिपतीचा दाखला दिला जातो. त्याचा चाकर आजारी होता. येशूने घरी येण्याची गरज नाही, केवळ शब्द उच्चारावा, एवढेच तो म्हणाला. स्वतः वरिष्ठांच्या हुकमाखाली आणि हाताखाली शिपाई असल्याने हुकमाचे वजन त्याला ठाऊक होते. तात्पर्य असे, की माणसाचा अधिकार हा दिलेला असतो, मूळचा नसतो. अधिकाऱ्याचा, पालकाचा वा पाळकाचा अधिकार याला अपवाद नाही.

म्हणूनच रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल राज्यकर्त्यांच्या अधीन राहण्यास सांगतो. मात्र प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र व इतर प्रेषित धर्मसभेला स्पष्ट बजावतात, की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी. या दोन वचनांत विरोध नाही. दुसरे वचन पहिल्याची मर्यादा सांगते.

कसोट्या कोणत्या?

मनात आलेली प्रत्येक ऊर्मी देवाची आज्ञा ठरत नाही. प्रत्येक गोष्ट पारखून घ्यावी, असे नव्या करारातच सांगितले आहे. त्यासाठी सामान्यतः चार कसोट्या लावल्या जातात. ती गोष्ट पवित्र शास्त्राला धरून आहे काय? प्रार्थनेनंतर सदसद्विवेकबुद्धी तिला मान्यता देते काय? मंडळीतील अनुभवी माणसांना ती पटते काय? आणि तिचे फळ प्रेम, न्याय व सेवा हे आहे काय? कॅथलिक परंपरेत यासोबत बिशप व पोप यांच्या शिकवणुकीला विशेष अधिकार आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत अखेरचा शब्द शास्त्राचा मानला जातो.

मराठी मातीतील उदाहरणे

हा पेच मराठी ख्रिस्ती समाजाने प्रत्यक्ष अनुभवला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यानंतर तेथील अँग्लिकन भगिनींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्चच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे विनाविचार स्वीकारण्यास रमाबाईंनी नकार दिला. पण श्रद्धा सोडली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांची सेवा करताना त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि १९२२ साली निधन होईपर्यंत त्यासाठी परिश्रम घेतले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला व अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. १९१७ साली मात्र त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. दरबार हा शब्दच सूचक आहे : धनी एकच, बाकी सारे सेवक.

टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. नवऱ्याने घेतलेला निर्णय त्यांनी आपोआप आपला मानला नाही. आधी सोवळेओवळे व जातिभेद मनातून गेला, मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या शब्दापेक्षा स्वतःची खात्री त्यांना महत्त्वाची वाटली.

रोजच्या व्यवहारात

या तिघांच्या चरित्रांतून एक सूत्र दिसते. देवाचा अधिकार मानणे म्हणजे विचार थांबवणे नव्हे. उलट, त्यामुळे माणसाच्या अधिकाराला प्रश्न विचारण्याचे बळ येते. खोटे बिल करण्याचा हुकूम वरिष्ठाने दिला, हुंड्याचा आग्रह घरच्यांनी धरला, तर 'नाही' म्हणण्याचा आधार हाच असतो.

याच सूत्राची दुसरी बाजूही आहे. देवाचे नाव घेऊन कोणी पैसे मागत असेल, औषधोपचार बंद करण्यास सांगत असेल किंवा शंका विचारणाऱ्याला अश्रद्ध ठरवीत असेल, तर तेथे सावध व्हावे. येशूने शिष्यांचे पाय धुतले, असे योहानाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. ज्या अधिकाराला पाय धुण्याची लाज वाटते, तो देवाकडून आला आहे की नाही, हे तपासण्याचा हक्क प्रत्येक श्रद्धावंताला आहे.