हातची चव आणि हाती पैसा

‘वहिनी, तुमच्या हातची आमटी म्हणजे अगदी लाजवाब हं!’ हे वाक्य ऐकले नाही अशी गृहिणी विरळाच. केळवण असो, मंगळागौर असो की दिराच्या साहेबांना घातलेले जेवण असो, मंडळी बोटे चाटीत जेवतात, तोंड भरून कौतुक करतात आणि विडा खाऊन घरी जातात. कौतुक ऐकायला गोडच वाटते, पण त्यातून मुलाच्या क्लासची फी भरता येत नाही. मग मनात येते, हीच आमटी कुणी पैसे देऊन करून घेईल का?

घेतील. आणि चेंबूरसारख्या वस्तीत तर नक्कीच घेतील.

आज ज्याला ‘पर्सनल शेफ’ असे भारदस्त नाव मिळाले आहे ते काम आपल्याला मुळीच नवे नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या भांड्यांत, त्यांच्या आवडीप्रमाणे रांधून द्यायचे आणि आपल्या घरी परत यायचे. आपल्याकडे पोळ्यांच्या बाई हेच करत आल्या. फरक पडतो तो एवढाच, की पोळ्यांच्या बाईंना ‘काय करायचे’ ते घरची बाई सांगते; शेफ म्हणवणारी मात्र घरातल्या माणसांची पथ्ये, आवडीनिवडी विचारून आठवड्याचा बेत स्वतः ठरवते, कधी सामानही स्वतः आणते, आणि एका भेटीत दोन-तीन दिवसांचे पदार्थ करून, वर तारखेची चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवून जाते. पोळ्यांना पगार मिळतो, बेत ठरवणाऱ्या डोक्याला मिळत नाही. ते डोके आपल्यापाशी आहे, हे आधी आपणच ओळखायला हवे.

चेंबूर या धंद्याला फार सोयीचे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प इथलाच, छेडानगरच्या मुरुगन मंदिराभोवती तमिळ वस्ती, घाटला गावची जुनी मराठी घरे, टिळकनगरात म्हाडाच्या बैठ्या इमारती पाडून उभे राहिलेले टॉवर, पलीकडे अणुशक्तीनगर आणि आर.सी.एफ.च्या वसाहती, आणि देवनारला ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्थे’त शिकायला आलेली परगावची मुले. एवढ्या चवी एका स्टेशनाच्या आवाक्यात. इथे सगळ्यांना सगळे करून घालू म्हणणारी बाई थकून जाईल. सिंधिणीला सिंधी कढी शिकवायला जाऊ नये! तिच्या सासूच्या हाताशी आपली बरोबरी होणार नाही. पण तिलाच उकडीचे मोदक, थालीपीठ, अळूचे फदफदे हवे असते, आणि तिथे आपण राणी.

तेव्हा पहिला प्रश्न ‘मला काय काय येते’ हा नाही. ‘कुणाला काय अडले आहे’ हा आहे.

अडलेली घरे शोधायला लांब जावे लागत नाही. मुलगा परदेशी, सून परदेशी, आणि इथे दोघेच म्हातारे. काकांना मधुमेह, काकूंना उभे राहवत नाही. अशा घरात आपण वेळेवर गेलो तर देव भेटल्यासारखे होते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याचे जेवण लांबले तर साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून ‘आज जरा उशीर झाला’ हे वाक्य अशा घरी चालत नाही. पथ्य काय, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून समजून घ्यावे. शेजारणीने सांगितलेल्या उपायांवरून तर मुळीच नाही.

दुसरे घर बाळंतिणीचे. मला विचाराल तर आपल्या मराठी बायकांसाठी यासारखे काम नाही. पूर्वी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची, आई-आजी सगळे बघायच्या. आता आई स्वतः नोकरीत, किंवा माहेर दूर, किंवा सुनेलाच आपल्या डॉक्टरांजवळ राहायचे असते. डिंकाचे लाडू कुणी वळायचे? आळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, लसणीची चटणी, मेथीचे लाडू, जेवणानंतर खायला बडीशेप-ओवा-तिळाची सुपारी. हे सगळे बाजारात मिळते, नाही असे नाही. पण डिंक तुपात नीट फुलला आहे की आत कच्चा राहिला आहे हे डब्यावरच्या लेबलावर लिहिलेले नसते. डिंक बारीक कुटून, मंद आचेवर, थोडा थोडा तळावा लागतो. घाईने तळला की वरून फुललेला दिसतो आणि दाताला चिकटतो. ज्या बाईला हे हाताने माहीत आहे तिने सहा आठवड्यांचे काम एकरकमी ठरवून घ्यावे: रोज सकाळी दोन तास, दोन वेळचे जेवण, आठवड्यातून एकदा लाडू. शेवटचा हप्ता आधी घ्यावा, कारण सव्वा महिना झाला की घरात बारशाची गडबड सुरू होते आणि सगळ्यांना सगळ्याचा विसर पडतो.

मात्र जुन्या सगळ्याच समजुती उराशी धरू नयेत. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, फळे द्यायची नाहीत, असे सांगणारी आजी घरात असली तर वाद न घालता सुनेला एवढेच सांगावे, ‘डॉक्टरांना विचारून घे हं.’ दूध पाजणाऱ्या बाईला पाणी भरपूर लागते.

आता पैशांचे. इथेच आपली जीभ अडखळते. ‘द्या हो काय द्यायचे ते!’ म्हणून मोकळ्या होतो आणि मग महिनाभर मनातल्या मनात कुढतो. त्याऐवजी एकदा वही घेऊन बसावे. समजा, तुम्ही सकाळी तीन घरे धरलीत, प्रत्येकी सव्वा तास. झाले पावणेचार तास. घराघरांतले चालणे, लिफ्टसाठी ताटकळणे, गेटवर वहीत नाव लिहिणे यांत पाऊण तास. म्हणजे रोजचे साडेचार तास. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ११७ तास. प्रत्येक घर ६,००० रुपये देते असे धरा, म्हणजे १८,००० आले. त्यातून बस-रिक्षा, फोन, अॅप्रन, सुरीला धार असे १,२०० वजा करा. राहिले १६,८००. भागिले ११७, म्हणजे तासाला साधारण १४४ रुपये. फक्त ओट्यापुढचे तास मोजले असते आणि खर्च धरला नसता, तर हाच आकडा १८५ च्या घरात दिसला असता आणि तुम्ही उगीच खूश झाला असतात. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या इमारतीत दर काय चालतो ते विचारून आपले घालावेत. पण चालण्याचा वेळ मोजायचा म्हणजे मोजायचाच.

शिवाय ठरवून घ्यायचे ते बोलून नको, लिहून हवे. माणसे किती, पाहुणे आले तर जास्तीचे किती, भाजी कोण चिरणार, भांडी कोण घासणार, सुट्ट्या किती, आणि ते लोक पंधरा दिवस गावाला गेले तर पैसे मिळणार की नाही. या शेवटच्या मुद्द्यावरून जेवढी भांडणे होतात तेवढी मिठावरून होत नाहीत. ‘तुमची जागा आम्ही धरून ठेवली आहे, निम्मे पैसे द्यावे लागतील,’ असे पहिल्याच दिवशी हसत सांगावे.

आणि ते ‘मावशी’ प्रकरण! घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला आपण मावशी, काकू म्हणतो. माया आहेच त्यात, मी नाही म्हणत नाही. पण मावशीला पगारवाढ मागता येत नाही, मावशीला रजा नाकारता येते, आणि मावशीने ‘जरा एवढे वरण वाढवा ना, चारजण आलेत’ हे ऐकून घ्यायचे असते. नाते ठेवावे, पण वहीतला हिशेब नात्याबाहेर ठेवावा. हे काम पूर्वी बहुतेक निराधार, विधवा बायकांच्या वाट्याला यायचे, आणि म्हणून ते ‘नाइलाजाचे’ मानले गेले. तुमच्या सासूबाई आज नाक मुरडत असतील तर त्याचे मूळ तिथे आहे. त्यांच्याशी भांडू नका. पहिल्या पगारातून त्यांच्या चष्म्याची काच बदलून आणा.

रांधून पोट भरणाऱ्या बायकांची मुंबईतली गोष्ट मोठी आहे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार खानावळीवाल्या बायकांकडे जेवत. या बायका वाण्याकडून उधार सामान आणायच्या, महिनाभर जेवू घालायच्या आणि पगार झाला की पैसे मिळायचे. वाण्याचे, सावकाराचे व्याज त्यांच्याच डोक्यावर. संप झाला की कामगारांचा पगार बंद, पण खानावळ बंद नाही! मुलासारख्या माणसाला उपाशी कसे ठेवायचे? कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले आणि १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. ज्यांच्यापाशी तारण ठेवायला काही नाही अशा खानावळवालींना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे, सावकाराच्या तावडीतून सोडवणे, हे त्याचे पहिले काम. बायकांनी कर्जे फेडून दाखवली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, अनेक गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत, जेवणारे पांगले. पण मंडळ टिकले, कारण त्याने एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवली नव्हती. त्याने स्वतःची जेवणे पुरवण्याची कामे उभी केली होती. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी, १९५९ साली, गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, ते ‘लिज्जत’ आज घरोघर आहेच.

या खानावळवालींकडून घ्यायचे ते एवढे: उधारीवर जेवू घालायचे नाही. सामान गिऱ्हाइकाचे, नाहीतर पैसे आगाऊ.

घरोघर जाणे जमत नसेल, मुले लहान असतील, तर घरूनच डबे द्यावेत असे वाटते. वाटू द्या, पण तो धंदा वेगळा आहे. त्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान धंद्याला मोठा परवाना नको, नुसती नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांत तिची फी वर्षाला १०० रुपये ठेवलेली आहे आणि अर्ज संगणकावरून करता येतो. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक मिळतो. एजंटाला हजारो रुपये देण्याची काही गरज नाही, शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा भरून देईल. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठीच असतो. धंद्याला १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो, हा खर्च बायका हमखास विसरतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगून ठेवावे. भांडवल हवे असेल तर मुद्रा योजनेतले ‘शिशु’ कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय मिळते, ही योजना २०१५ पासून आहे.

स्वच्छतेबद्दल तुम्हाला सांगायला नको, तरी भाताविषयी सांगतेच. शिजलेला भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की त्यात एक जंतू वाढतो, आणि तो जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजवलेले कुठलेही अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. गरम ठेवायचे तर ६० अंशांच्या वर, गार ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली. दोन-तीन दिवसांचे करून ठेवणारीने तर मोठ्या पातेल्यात काही झाकून ठेवूच नये. पसरट भांड्यात काढावे, निववावे, लगेच फ्रिजमध्ये टाकावे. एका घरात एकाला जुलाब झाले तर तुमचे नाव जिन्याजिन्याने खाली उतरते.

काम वाढले की वेगळी अडचण येते. चौथे, पाचवे घर मागणी करते आणि आपले हात दोनच. यावेळी घाईने दुसरी बाई ठेवू नये. आधी आपली मापे वहीत उतरवावीत: चिमूटभर, अंदाजाने, ‘हाताला कळते’ हे सगळे वाटी-चमच्यात आणावे. कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’ने नव्या सुनांना हाच धीर दिला. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट तुम्ही घरी करून जोडीदारणीच्या हाती द्यावे. मग चव तुमची राहते आणि उभे राहणे तिचे. तिचा पगार ठरवताना वर केलेले ११७ तासांचे गणित तिच्यासाठीही करावे. आपल्याला ज्याचा राग यायचा ते आपण तिच्याशी करायचे, हे शोभत नाही.

आणि गणपती-दिवाळीला दोन महिने आधी नावे घ्यायला लागावे. एकवीस मोदक हवे असणारी घरे चतुर्थीच्या आदल्या रात्री फोन करतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावे, पुढच्या वर्षी ती श्रावणातच फोन करतात.

नव्या घरी पहिल्या दिवशी जाताना पिशवीत आपली सुरी, आपले लाटणे, दोन धुतलेले फडके, अॅप्रन, केस बांधायचा रुमाल आणि वही असू द्यावी. पहिले जेवण चाचणीचे, पण फुकट नाही, निम्म्या दराने. गॅस कोणत्या बाजूने बंद होतो, कुणाला शेंगदाण्याची किंवा कशाची अॅलर्जी आहे, आणि नैवेद्याची भांडी कोणती, हे तीन प्रश्न पाण्याचा पेला हाती घेण्याआधी विचारावेत. घरी निघताना कुठल्या मजल्यावर, कुणाच्या घरी जाणार ते घरच्यांना सांगून ठेवावे. घरात फक्त एकटा पुरुष असेल तर पहिल्यांदा सोबत कुणाला तरी न्यावे, आणि मन तयार नसेल तर ते घर सोडून द्यावे. चेंबूरमध्ये घरे पुष्कळ आहेत.