मेंढीच्या मुद्रेवरून वेदनेची नोंद

अंबड तालुक्यातील शहागड हे गोदाकाठचे गाव. अशा काळ्या जमिनीच्या भागात पावसाळ्यात मेंढ्यांचे पाय दिवसचे दिवस चिखलात राहतात व खुरे सडण्याचा रोग बळावतो. कळपात राहणारे हे जनावर आपले दुखणे सहसा दाखवीत नाही. ते उघड लंगडू लागल्यावरच मालकाचे लक्ष जाते. चेहऱ्यावर मात्र वेदनेच्या खुणा उमटतात.

जाणत्या धनगरास त्या खुणा कळतात. परंतु दुसऱ्यास त्या मोजून देता येत नाहीत. माणसाच्या मुद्रेतील स्नायूंच्या हालचालींस क्रमांक देण्याची पद्धत एकमन व फ्रीसन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केली. २०१६ साली केंब्रिज येथील संशोधकांनी खुरांची सड व कासदाह झालेल्या मेंढ्या पाहून पाच खुणा ठरविल्या: डोळे आकसणे, गाल ताठरणे, कानांची ठेवण बदलणे, ओठ व जबडा आवळणे, नाकपुड्यांचा आकार बदलणे. खूण नसल्यास ०, अंशतः असल्यास १ व स्पष्ट असल्यास २ गुण द्यावयाचे.

चित्रण साध्या मोबाइलनेही होते. तो तिकाटण्यावर स्थिर ठेवावा व माणसाने दूर व्हावे, कारण भ्यालेल्या मेंढीचेही कान फिरतात. निरोगी मेंढ्यांचेही चित्रण करावे आणि आजारी कोणती हे गुण देणाऱ्यास सांगू नये.

नोंदीसाठी इटलीतील तुरीन विद्यापीठात फ्रियार्ड व गांबा यांनी तयार केलेली 'बोरिस' ही संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते. तीत प्रथम वर्तनांची यादी करून प्रत्येकास एक कळ नेमावयाची. कान झटकणे हे क्षणिक. त्यास कळ एकदा दाबावी. कान मागे वळवून ठेवणे हे टिकणारे. आरंभी व शेवटी अशी दोनदा दाबावी. समजा, दहा मिनिटांच्या चित्रणात कान २४० सेकंद मागे होते, तर प्रणाली ४० टक्के काळ दाखविते.

एकाच चित्रणाची नोंद दोघांनी स्वतंत्रपणे करावी. शंभरांपैकी ८० नोंदी जुळल्या म्हणून हुरळून जाऊ नये. केवळ योगायोगानेच ५० जुळणार असतील, तर उरलेल्या ५० पैकी ३० च खऱ्या जुळल्या; म्हणजे एकमत ०.६ इतकेच. बहुधा दोष डोळ्यांचा नसून व्याख्येचा असतो. दख्खनी मेंढीचे व उस्मानाबादी शेळीचे कान मुळातच लोंबते. परदेशी मेंढीवरून बांधलेली 'कान पडणे' ही व्याख्या येथे जशीच्या तशी लावल्यास निरोगी जनावरही आजारी ठरेल. त्याच जनावराचे निरोगी असतानाचे चित्रण हेच येथे खरे माप होय, व शेळीसाठी तर वेगळीच यादी करावी लागेल.

मुद्रा वेदना सांगते, वेदनेची जागा सांगत नाही. गुण वाढलेले दिसताच पाय उचलून खुरांची बेचकी पाहावी, कास चाचपावी व ते चित्रण पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.