आपण कोण, हे पिल्लाला कळलं पाहिजे

सारस तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, गोंदियात नाहीतर उत्तर प्रदेशात. त्याच्याच कुळातला एक पांढराशुभ्र, उंच पक्षी उत्तर अमेरिकेत आहे, हूपिंग क्रेन. शिकार झाली, पाणथळ जागा शेतीखाली गेल्या आणि 1941 साली रानात जेमतेम 20-22 पक्षी उरले.

मादी बहुधा दोन अंडी घालते, जगतं मात्र एकच पिल्लू. म्हणून शास्त्रज्ञ दुसरं अंडं उचलू लागले. 1975 पासून आयडाहोत ती सँडहिल क्रेनच्या घरट्यांत ठेवली. (कोकिळेचीच युक्ती!) पिल्लं वाढली, पालकांमागून स्थलांतरही शिकली. पण वयात आल्यावर ती सँडहिलकडेच ओढली जायची. हूपिंग क्रेनची एकही जोडी जमली नाही.

टेक्स नावाच्या मादीची गोष्ट आणखी अवघड. ती माणसांत वाढलेली, त्यामुळे जोडीदारही तिला माणूसच हवा. मग विस्कॉन्सिनमध्ये जॉर्ज आर्चिबाल्ड हे पक्षितज्ज्ञ तिच्यासमोर हात पसरून, उड्या मारत नाचायचे. हसू नका, क्रौंचांची जोडी अशीच जमते. कृत्रिम रेतनाने 1982 साली तिला पिल्लू झालं.

पुढे पिल्लं वाढवणारे पांढरा अंगरखा घालू लागले. हातात क्रेनच्या डोक्याची बाहुली, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

कॅनडातल्या वुड बफेलोहून टेक्ससच्या अरान्सासला येणारा मूळ थवा आज 500च्या वर गेलाय. त्याच्या जागा राखल्या, शिकार थांबवली. चार हजार किलोमीटरची वाट मात्र तिथल्या पिल्लांना त्यांचे आईबापच दाखवतात.